नसलेला अनुस्वार

२००९ सालचा आषाढ. सांगलीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल छापायचे ते दिवस, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. अशाच एका अहवालाच्या दुसऱ्या प्रुफात मी ‘ठेवी’वरचं टिंब खोडलं. पुढच्या पानावर ‘नफा’वर टिंब, खाली ‘कर्जे’वर टिंब. तीही खोडली. मनातल्या मनात डीटीपी करणाऱ्या मुलीचा उद्धारही केला. दुपारी ती प्रूफ हातात घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, “काका, इथं टिंब कुठंय?”

मी बघितलं. टिंब नव्हतं. पुन्हा बघितलं तर होतं, पण आता ते शेजारच्या अक्षरावर गेलं होतं.

मराठीतले व्युत्पत्तीचे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. माझ्या डाव्या डोळ्यात ते परत आले, असं मी त्या मुलीला हसत सांगितलं. पुढच्या वर्षभरात त्या डोळ्याचं काय झालं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. जे शिकलो ते बहुतेक उशिरा शिकलो, म्हणून ज्या क्रमानं आपटलो त्याच क्रमानं मांडतो.

१. डोळा दुखत नाही, हीच वाईट खूण असू शकते.

डोळा लाल नव्हता, चिकट नव्हता, पाणी येत नव्हतं. दुखणं म्हणजे दुखलं पाहिजे अशी आपली समजूत. टिंबं तरंगत होती आणि डाव्या बाजूला जरा धूसर वाटत होतं, इतकंच. मी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर वाढवून घेतला. तीन आठवड्यांनी पुन्हा वाढवला. मधे कुणीतरी सुचवलं म्हणून गुलाबपाणीही घातलं. वय एक्केचाळीस, बारीक टायपात आयुष्य गेलेलं, तेव्हा डोळे थकलेच असणार, हे कारण मला आणि बायकोला पुरेसं वाटत होतं. त्याच काळात वजन अकरा किलोनं उतरलं होतं आणि जिभेवर पांढरा थर होता. पण जीभ आणि डोळा यांचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

शेवटी मिरजेला एका डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं आणि डोक्याला दिवा लावून, भिंग हातात धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्याचा पडदा, म्हणजे बुबुळाच्या मागे आत खोलवर असलेलं पातळ पटल. त्याच्यावर बसलेली गोष्ट बाहुली मोठी केल्याशिवाय नीट दिसत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्राला ती दिसत नाही आणि बॅटरीच्या उजेडात डोकावणाऱ्यालाही दिसत नाही. मी दोन महिने चुकीच्या दारात उभा होतो.

त्यांनी समोर कागद ओढून पडदा काढून दाखवला. लाल रक्तस्राव आणि त्यांत पांढरट पिवळे पट्टे. या रोगाला इंग्रजी पुस्तकांत पिझ्झाची उपमा देतात म्हणे. डॉक्टर लोकांना रोग बघताना भूक का लागते, कोण जाणे. मला ते चित्र लाल चटणीवर कुस्करलेल्या पनीरसारखं दिसलं आणि त्यानंतर बरेच दिवस पनीर घशाखाली उतरलं नाही.

“रक्त तपासावं लागेल,” ते म्हणाले. “एचआयव्हीसकट.” असं माझं निदान डोळ्यातून झालं. सीडी-फोर पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार, ३१ निघाल्या. निरोगी माणसात त्या पाचशेच्या वर असतात.

२. चोर बाहेरून आलेला नसतो.

विषाणूचं नाव सायटोमेगॅलो, डॉक्टर लोक ‘सीएमव्ही’ म्हणतात. मला वाटलं, हाही कुठून तरी नव्यानं लागला. तसं नव्हतं. तो कांजिण्या आणि नागिणीच्या कुळातला. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, साध्या तापासारखा येतो किंवा कळतही नाही, आणि मग जन्मभर शरीरात झोपून राहतो. राखणदार जागा असेपर्यंत तो उठत नाही. सीडी-फोर पन्नासाच्या खाली गेल्या की उठतो आणि त्याला डोळ्याचा पडदा फार आवडतो. एचआयव्हीवर प्रभावी औषधं नव्हती त्या काळात, एड्सच्या अवस्थेला पोचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला हा रोग गाठायचा.

मात्र तो फक्त आमच्याच गल्लीतला नाही. डोळ्यांच्या विभागातल्या बाकावर माझ्या शेजारी जतकडचा एक तरुण बसायचा. आईनं त्याला मूत्रपिंड दिलं होतं. नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली होती आणि त्या शांततेत हाच विषाणू त्याच्याही पडद्यावर चढला होता. रक्ताच्या कर्करोगात, अस्थिमज्जेच्या रोपणानंतर, जोरकस औषधं घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांतही असं होऊ शकतं. त्या तरुणाची अडचण माझ्याहून अवघड होती. मला प्रतिकारशक्ती वाढवायची होती. त्याची वाढवावी तर आईचं मूत्रपिंड धोक्यात, दाबावी तर डोळा धोक्यात. त्याचे दोन डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलून गोळीचं प्रमाण एकेक पाऊल कमी करायचे. त्याची आई मला म्हणायची, “दादा, एक अवयव दिला, आता दुसरा मागतोय बघा देव.”

नागिणीचा विषाणूसुद्धा पडद्यावर चढतो. प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्या माणसात तो काही दिवसांत डोळा घेऊन जातो. त्यामानानं माझा विषाणू सावकाश चालणारा. डॉक्टर त्याला वणवा म्हणायचे. कडेची रेघ दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरकते, मागे उरतं ते जळालेलं रान. औषधानं वणवा विझतो, जळालेलं रान मात्र परत उगवत नाही. हे मला फार उशिरा उमगलं. उपचार सुरू झाले म्हणजे गेलेलं दिसायला लागेल, अशी माझी कित्येक आठवडे समजूत होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

३. डोळ्यात सुई घेता येते. पण ती एकाच डोळ्याची असते.

‘डोळ्यात इंजेक्शन’ हे शब्द ऐकून बायको खुर्चीवरून उठून बाहेर गेली होती. प्रत्यक्षात ते सोपं निघालं. बधिर करणारे थेंब, मग तपकिरी आयोडीन, पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा चिमटा. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते. दुखत नाही, दाब जाणवतो. औषध आत शिरताना पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसं काहीतरी गिरकी घेताना दिसतं. माझ्यासारख्या छापखान्यातल्या माणसाला ते दृश्य, खरं सांगायचं तर, सुंदर वाटलं. औषधाचं नाव गॅन्सिक्लोव्हिर. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.

गोळ्याही होत्या, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या. पहिले तीन आठवडे दिवसाला चार आणि एका गोळीच्या किमतीत आमची आठवड्याची भाजी यायची. एचआयव्हीची औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळत होती, डोळ्याच्या गोळ्या मात्र खिशातून. रुग्णांच्या संघटना त्या गोळीच्या पेटंटविरुद्ध भांडत होत्या आणि २०१० मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं ते रद्द केलं, हे मी पुढे वर्तमानपत्रात वाचलं. २००९ च्या श्रावणात माझ्यापुढे सरळ हिशेब होता. सुई स्वस्त, गोळी महाग. मी सुई घेतली.

त्या हिशेबात एक खोट होती. सुई ज्या डोळ्यात, औषध त्याच डोळ्यात. विषाणू तर साऱ्या रक्तात फिरत होता. भाद्रपदात उजव्या डोळ्याच्या कडेला वणव्याची छोटी ठिणगी सापडली. मला त्याची काडीमात्र जाणीव नव्हती. डॉक्टर दर खेपेला दोन्ही बाहुल्या मोठ्या करून बघायचे, म्हणून सापडली. मग शिरेतून औषध, रोज दोनदा, तीन आठवडे. बायकोच्या पाटल्या गेल्या. त्या औषधानं पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे दर चार दिवसांनी रक्त तपासायचं. एचआयव्हीच्या गोळ्यांपैकी झिडोव्ह्युडीनही तोच उपद्रव करते, म्हणून तिच्याऐवजी दुसरी दिली. पैसे वाचवायला गेलो आणि दुप्पट घालवले, असं मी म्हणत नाही. त्या वेळी माझ्याकडे तेवढेच होते. पण पैशांची बोलणी करताना ‘आणि दुसऱ्या डोळ्याचं काय?’ हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

४. दोन डोळे एकमेकांची चूक झाकतात.

नवरा-बायकोसारखंच आहे हे. एकाचं गेलेलं दुसरा भरून काढतो आणि बाहेरच्याला काही कळत नाही. घरच्यालाही कळत नाही. डाव्या डोळ्यात केवढा तुकडा गेला आहे ते मला दोन्ही डोळे उघडे असताना कधीच समजलं नाही.

समुपदेशक ताईंनी उपाय सांगितला, तो आजही करतो. सकाळी दात घासून झाले की स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर, दोन हातांच्या अंतरावर उभं राहायचं. चष्मा लावून. उजवा डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही, आणि महिन्याच्या मधल्या एका तारखेकडे टक लावायची. नजर न हलवता विचारायचं: चारही कोपरे दिसतात का? एखादी चौकट गायब आहे का? रेघा सरळ आहेत का? मग डोळा बदलायचा. पाव मिनिटाचं काम. दवाखान्यात यासाठी चौकटींचा छापील कागद देतात. तो हरवतो. कॅलेंडर हरवत नाही, आणि तारीख समोरच असल्यामुळे नोंदही तिथंच पेन्सिलीनं करता येते. माझ्या डाव्या डोळ्याला त्या वर्षी महिन्याचा शेवटचा आठवडा दिसत नसे. बायको म्हणाली, “पगार संपल्यावरचे दिवस तेवढे गेले, बरंच झालं की.”

५. विजा चमकल्या तर पंचांग बघायचं नाही.

नरक चतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान करून बाहेर आलो तर डाव्या कडेला चमक. फटाके, असं वाटलं. डोळे मिटले तरी चमकत होतं. मिटल्या डोळ्यांआड फटाका कसा दिसेल, हा प्रश्न सुचायला हवा होता. सुचला नाही. टिंबांची तर भुकटी झाली होती, अनुस्वार सोडून आता काजळी. लक्ष्मीपूजनाला खालून एक काळी कड वर आली, विहिरीला पाणी चढावं तशी. पाडव्याला ती नाकाच्या रेषेपर्यंत आली. दवाखाने बंद, डॉक्टर गावाला, बहीण ओवाळायला येणार. भाऊबीज उरकली आणि मग आम्ही निघालो.

पडदा सुटला होता. सीएमव्ही झालेल्या डोळ्यांत हा सगळ्यात मोठा धोका असतो, आणि तो वणवा विझल्यानंतरही टळत नाही. जळालेला पडदा इतका विरलेला असतो की त्याला चाळणीसारखी भोकं पडतात, भोकांतून पाणी मागे शिरतं आणि पडदा भिंतीच्या कागदासारखा सुटून येतो. जळालेला भाग जितका मोठा आणि जितका पुढच्या कडेला, तितका धोका जास्त. नजरेचा मध्यबिंदू चिकटलेला असताना गाठलं तर पुष्कळ वाचतं. माझा मध्यबिंदू बहुधा पाडव्याच्या रात्री सुटला. ते चार दिवस मला अजून टोचतात.

पुण्याला शस्त्रक्रिया करायचं ठरलं. एका ठिकाणी तारीख मिळाली, पण कागद बघितल्यावर ती तारीख ‘पुढे’ गेली, मग आणखी पुढे, आणि शेवटी यंत्र बिघडल्याचा निरोप आला. यंत्र बिघडलं नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दुसरीकडे एका तरुण सर्जननं दुसऱ्याच दिवशी घेतलं. आता असं वागवायला कायद्यानंच मनाई आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तेव्हा तो नव्हता आणि भांडण्याइतकं माझ्या अंगात त्राणही नव्हतं.

डोळ्यातला पारदर्शक गर काढून त्याजागी सिलिकॉनचं तेल भरतात. एरवी वायू भरून भागतं, पण तो काही आठवड्यांत विरतो आणि इतक्या भोकांच्या पडद्याला कायमचा टेकू लागतो. मग पालथं झोपणं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून मान खाली घातली की ते वर, पडद्याच्या दिशेनं येतं आणि त्याला दाबून धरतं. दहा दिवस मी फरशी बघत होतो. खाली ताटली, ताटलीत भात, जेवणही मान खाली घालूनच. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा मी प्रथम त्यांच्या जोडव्यांवरून त्यांना ओळखलं.

तेलाचेही हिशेब असतात. तेल भरल्यावर त्या डोळ्याचा नंबर एकदम अधिक पाचाच्या घरात गेला. दोन वर्षांत मोतीबिंदू आला. दाब वाढला की काचबिंदूची भीती, म्हणून थेंब. तेल काढलं तर पडदा पुन्हा सुटेल, म्हणून ते आत ठेवलं आहे. त्या डोळ्यानं मला समोरच्या हाताची बोटं मोजता येतात आणि खिडकी कुठं आहे ते कळतं. अंधाऱ्या जिन्यात तेवढंही फार असतं.

६. अंगात बळ आलं की डोळा भडकू शकतो.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एचआयव्हीची औषधं मला डोळ्याचे उपचार सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी सुरू केली होती. आधी वणवा आटोक्यात, मग फौज, असा डॉक्टरांचा क्रम. पुढच्या फेब्रुवारीत सीडी-फोर मोजल्या. १६८! एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या, ताईंनी तो आकडा लाल शाईनं गोल केला. येताना पाव किलो जिलेबी आणली. वजन वाढलं होतं, भूक लागत होती, मी पुन्हा अर्धवेळ कामाला लागलो होतो. एकाच डोळ्यावर, पण तो डोळा चांगला होता.

पंधरा दिवसांत त्या चांगल्या डोळ्यावर धुकं आलं. मग एका सकाळी प्रूफ वाचताना शिरोरेषा वाकलेली दिसली. देवनागरी वाचणाऱ्याला निसर्गानंच एक मोजपट्टी देऊन ठेवली आहे. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर सरळ रेघ. ती रेघ मधेच लाटेसारखी खाली झुकली होती, आणि झुकलेल्या जागची अक्षरं जरा लहान दिसत होती. टायपाची चूक असती तर ती पुढच्या ओळीत त्याच जागी नसती. ही प्रत्येक ओळीत, मी जिथं नजर ठेवीन तिथंच.

माझी खात्री झाली की विषाणू परत आला. औषधं चुकली, सगळं संपलं. त्या रात्री मी गोळ्या घेतल्या नाहीत. काय उपयोग, असं वाटलं. बायकोनं रात्री साडेअकराला उठवून, “अहो, आधी या गिळा, मग काय रडायचं ते रडा,” म्हणून हातावर ठेवल्या.

विषाणू परत आलेला नव्हता. झालं होतं उलटंच. राखणदार इतके दिवस झोपले होते, ते जागे झाले आणि त्यांना डोळ्यात विषाणूचे उरलेसुरले अवशेष दिसले. चोर केव्हाच गेला होता. पोलीस आता आले आणि पुरावा शोधायला त्यांनी सगळं घर उपसलं. या सुजेला डॉक्टरी भाषेत प्रतिकारशक्ती परतल्यानंतरचा दाह म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रभावी औषधं आली तेव्हाच तो डॉक्टरांच्या ध्यानात आला. त्याआधी प्रतिकारशक्ती परतण्याइतकं जगायचंच कोण? ज्या डोळ्यात पूर्वी हा विषाणू येऊन गेला आहे, त्यातच तो होतो. गरात धुकं साचतं, पडद्याच्या मध्यबिंदूत पाणी भरून तो सुजतो, कधी त्यावर पातळ साय धरते, मोतीबिंदू लवकर येतो. माझ्या शिरोरेषा वाकवल्या होत्या त्या मध्यबिंदूतल्या पाण्यानं.

उपचार काय, तर स्टिरॉइड. थेंबांनी भागलं नाही, म्हणून डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन. म्हणजे ज्या बळासाठी सात महिने धडपडलो तेच बळ डोळ्यापुरतं थोडं दाबायचं. आणि विषाणूवरचं औषधही चालू, कारण दाबताना तो उठायला नको. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र एक दिवसही बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी मला तीनदा म्हणायला लावलं. माझी ती एक चुकता चुकता राहिलेली रात्र त्यांना मी तेव्हा सांगितली नाही. चार महिन्यांनी रेघा सरळ झाल्या, अगदी सरळ नव्हे, पण पट्टी हरवल्यावर हातानं मारलेल्या रेघेइतक्या.

आकडा वर, नजर खाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मानायला मला वेळ लागला.

७. बंद करण्याचा दिवस आपण ठरवायचा नाही.

सीडी-फोर शंभराच्या वर गेल्या आणि तीन ते सहा महिने तिथंच टिकल्या, पडद्यावर हालचाल नाही, तर डोळ्याचं औषध डॉक्टर थांबवतात. माझं २०१० च्या गणपतीत थांबलं. औषध थांबलं, तपासणी नाही. आधी दर तीन महिन्यांनी, आता सहा. थेंब घातले की दिवसभर उजेड सहन होत नाही, सुट्टी बुडते. तरी जातो.

८. दोन खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत.

एआरटी केंद्रात सीडी-फोर बघतात, डोळ्यात बघत नाहीत. डोळ्यांच्या विभागात डोळा बघतात, सीडी-फोर विचारत नाहीत. दोन इमारतींमधलं अंतर दोनशे पावलांचं असेल, पण ते कागदाला एकट्यानं चालता येत नाही. मी माझा टपालवाला झालो. एक निळी फाइल, डाव्या बाजूला रक्ताचे आकडे, उजवीकडे डोळ्याचे, दोन्हींवर तारखा. मुद्रितशोधकाची सवय इथं कामी आली. एकदा औषधाच्या पर्चीवर डावा-उजवा उलटा लिहिला होता, तो मीच पकडला.

डोळ्यांच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवणारे मी बाकावर पुष्कळ पाहिले. कारण समजतं, माझ्या वाट्याला ते यंत्र बिघडणं आलंच होतं. पण सांगितलं नाही तर डॉक्टर साध्या सुजेचे थेंब देऊन परत पाठवतात आणि वणवा पुढे सरकतो. आणि याच्या उलट, ज्यांच्या सीडी-फोर शंभराच्या खाली आल्या आहेत त्यांनी काही होत नसतानाही बाहुली मोठी करून पडदा दाखवून घ्यावा. आमच्या केंद्रातल्या एका बाईचा डोळा एवढ्यानंच वाचला. तिला एकही टिंब दिसत नव्हतं.

बायकोचा अहवाल निगेटिव्ह आला होता. हे मधेच सांगतो, कारण कुठं सांगावं ते मला कळलेलं नाही.

आणखी एक. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत ज्यांच्या पथकानं शोधले त्या डॉ. सुनीती सॉलोमन मूळच्या गायतोंडे, तिथंच वाढलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी काढलेल्या संस्थेला वडिलांचं, वाय. आर. गायतोंड्यांचं नाव आहे. हे मी बाकावर बसून एका जुन्या मासिकात वाचलं आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझी मान जरा वर झाली. पालथं झोपण्याचे दिवस संपलेच होते म्हणा.

९. एका डोळ्याला खोली कळत नाही.

चहा ओतताना चहा कपाच्या बाहेर पडायचा. उपाय: किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं, मग ओतायचं. जिना उतरताना शेवटची पायरी नेहमी एक जास्त किंवा एक कमी निघते, म्हणून कठड्यावर हात. डाव्या बाजूनं येणारी रिक्षा दिसत नाही, तिचा आवाज येतो, म्हणून रस्ता ओलांडताना मोबाइल खिशात. लग्नात डावीकडे बसलेल्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही म्हणून एक पाहुणे तीन वर्षं रुसले होते. आता मी पंगतीत डाव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. मुलाला सुई ओवायला सांगतो. स्कूटर विकली.

काम सोडलं नाही. प्रूफ मोठ्या टायपात काढून घेतो, खिडकीकडे पाठ करून बसतो, दर वीस मिनिटांनी उठतो. पूर्वी दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता पंधरा. मालकांनी पानांवर पैसे द्यायचं ठरवलं, तेही योग्यच.

उजव्या डोळ्यात टिंबं अजून आहेत. जुनी, निरुपद्रवी. वाढली किंवा चमक दिसली तर काय करायचं ते आता घरात सगळ्यांना पाठ आहे. कामाच्या वेळी मात्र ती मधे येतात. त्यावर मी एक युक्ती काढली आहे. संशयित अक्षरावर नजर ठेवायची, मग डोळा झटकन उजवीकडे न्यायचा आणि परत आणायचा. डोळ्यातलं टिंब मागून तरंगत येतं. कागदावरचं जागा सोडत नाही.

परवा एका पतसंस्थेचा अहवाल होता. तीच संस्था की दुसरी, आठवत नाही, सगळ्यांचे ताळेबंद सारखेच. डीटीपीवाली मुलगी आता दोन मुलांची आई आहे. ‘ठेवी’वर टिंब दिसलं. डोळा उजवीकडे नेला, परत आणला. टिंब हललं नाही. पुन्हा नेला, पुन्हा आणला. तिथंच.

“बाई,” मी हाक मारली, “हे तुझं आहे.”

तिनं वाकून बघितलं. “हो काका,” ती म्हणाली, “माझंच.”

मी ते खोडलं.